जनाची आणि मनाची

‘लोक काय म्हणतील?’ हा प्रश्न आज मनुष्य मनातल्या मनात विचारतो आणि त्याचे उत्तरही स्वतःच कल्पून घेऊन गप्प बसतो. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांमागे पुण्यातल्या, मुंबईतल्या किंवा कोकणपट्टीतल्या एखाद्या गृहस्थाला हाच प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर त्याला लेखी, सहीशिक्क्यानिशी आणि धर्मपीठाच्या नावाने मिळण्याची व्यवस्था होती. त्या व्यवस्थेला ग्रामण्य म्हणत आणि तिच्या निकालाला सामान्य भाषेत वाळीत टाकणे म्हणत. लोकापवादाचे भय ही आपण केवळ मनाची एक दुर्बलता समजतो. पण आपल्या प्रांतात हे भय पुष्कळ काळ एखाद्या कचेरीसारखे नांदत होते, आणि ते भय ज्यांनी जिंकले त्यांची योग्यता समजून घ्यायची, तर आधी त्या कचेरीचा कारभार पाहिला पाहिजे.

पेशवाईत जातीचा बखेडा उपस्थित झाला म्हणजे गोत जमे, जबान्या होत, मुचलके लिहून घेतले जात, प्रकरण वाढले तर ते हुजुरापर्यंत पोहोचे, आणि दोषाचे मान पाहून प्रायश्चित्त ठरे; ते पार पाडल्यावर शुद्धिपत्र मिळे आणि ते दाखवले म्हणजे गोत त्या मनुष्याला पुन्हा पंक्तीला घेई. इंग्रजी अंमल आल्यावर दरबार गेला, पण गोत राहिले. मुंबई सरकारच्या १८२७ सालच्या दुसऱ्या रेग्युलेशनाने दिवाणी अदालतींनी जातीच्या प्रश्नांत हात घालू नये असे ठरवून टाकले, तर १८५०च्या एकविसाव्या कायद्याने जातीबाहेर गेलेल्या मनुष्याचा वारसाहक्क तेवढा शाबूत ठेवला. म्हणजे बहिष्कृताची शेतीवाडी आणि वाडा सरकारने सांभाळला. मात्र त्या वाड्यात पाऊल टाकायला कोणी येणार की नाही, हा विचार सरकारने लोकांवर सोपवला.

आणि बहिष्कृताला पाहिजे होती ती माणसेच. जेवणाची पंगत मांडलेली आहे, पाट-रांगोळ्या झाल्या आहेत, पानांवर मीठ-लिंबू वाढून झाले आहे, आणि एक गृहस्थ येऊन आपल्या पाटावर बसताच शेजारचा मनुष्य एक शब्दही न बोलता तांब्या-भांडे उचलून उठतो, त्याच्या पलीकडचा उठतो, मग सगळी ओळ उठते. हा प्रसंग डोळ्यांपुढे आणला म्हणजे त्या शिक्षेचे स्वरूप कळते. घरच्या श्राद्धाला भिक्षुक मिळत नसे, मुंजीला आचारी मिळत नसे, न्हावी आणि परीट येईनासे होत. यांतले पुष्कळसे मनुष्य सोसू शकतो, कारण ते त्याच्या एकट्याच्या जिवावर असते. परंतु ग्रामण्याचा खरा मारा त्याच्यावर नसे, तो त्याच्या माणसांवर असे. धाकट्या बहिणीचे लग्न जुळत नसे; लेक माहेरी येऊ शकत नसे; आणि घरात म्हातारी आई अंथरुणाला खिळली असली तर ती गेल्यावर खांदा द्यायला चौघे मिळतील की नाही, ही चिंता रात्री-अपरात्री त्याला जागे ठेवी. स्वतःच्या अपमानाला न भिणारा मनुष्यही आईच्या प्रेताला खांदेकरी मिळणार नाहीत या विचाराने खचतो, आणि त्याला भित्रा म्हणायला माझी जीभ धजत नाही.

या भयापुढे पहिल्या पिढीने जो मार्ग काढला तो गुप्ततेचा होता. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग तर्खडकर, राम बाळकृष्ण जयकर आदी मंडळींनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडावा, मूर्तिपूजा सोडावी, विधवांचे विवाह व्हावेत, असे तिचे मत होते, आणि तिच्यात प्रवेश करणाऱ्याला ख्रिस्ती मनुष्याने भाजलेला पावाचा तुकडा खावा लागे. पण हे सारे दाराला कडी घालून. सभासदांची संख्या पुरेशी वाढेपर्यंत आपली मते उघड करावयाची नाहीत, असा त्यांचा संकेत होता. अकरा वर्षे सभा चालली, शाखा निघाल्या. आणि १८६०च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली, ती आता प्रसिद्ध होणार अशी आवई उठली, एवढ्यानेच सभा मोडली. पावाचा तुकडा ज्यांनी निर्भयपणे तोंडात घातला, त्यांना आपले नाव कागदावर पाहण्याचे धैर्य झाले नाही. तरीही त्या मंडळींविषयी मला आदर वाटतो. बंद दारामागे का होईना, शेजाऱ्याच्या मतावाचून आपले मत असू शकते हे त्यांनी अनुभवले, आणि १८६७ साली जो प्रार्थनासमाज उघड्या दारांनी उभा राहिला, त्यात त्या मोडलेल्या सभेतली काही माणसे होती.

पुढचा मोठा प्रसंग पुण्यातला, आणि तो एका चहाच्या पेल्यावरून उद्भवला. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये एक समारंभ झाला, त्याला रानडे, टिळक, गोखले यांच्यासारखे शहरातले अग्रगण्य लोक आमंत्रणावरून गेले होते. पुढे चहा-बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हातात धरला. गोपाळराव जोशी नावाच्या विक्षिप्त पण बुद्धिमान गृहस्थाने हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आणली, आणि ख्रिस्त्याच्या हातचा चहा प्याल्याबद्दल चाळीसहून अधिक नामांकित लोकांवर ग्रामण्य उभे राहिले. शंकराचार्यांकडे फिर्याद गेली, चौकशीला शास्त्री आले, पुरावा घेण्यात आला. टिळकांनी काशीत सर्वप्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे प्रायश्चित्त घेतले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकावरून दिसते, की या निर्णयामागे स्वतःवरच्या संकटाची भीती नव्हती, बरोबरच्या मित्रांच्या घरी निर्माण झालेली अडचण होती. मराठीत भय आणि भीड हे दोन निराळे शब्द आहेत ते उगाच नव्हेत. परक्या मनुष्याचे भय वाटते, आपल्या मनुष्याची भीड पडते. आणि रानड्यांसारखा थोर पुरुष भयापुढे कधी वाकला नसला, तरी भिडेपुढे एकदा नव्हे, दोनदा वाकला. १८७३ साली प्रथम पत्नीच्या निधनानंतर विधवेशी विवाह करावा अशी मित्रांची अपेक्षा असता, वडिलांच्या शब्दाखातर त्यांनी अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले होते. त्याच मुलीला त्यांनी शिकवले, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसत ती शिकली, ही गोष्ट निराळी. तिचे श्रेय मी प्रामुख्याने रमाबाईंनाच देतो, कारण रानड्यांना समाजाने नावे ठेवली ती सभेत आणि वृत्तपत्रांत, रमाबाईंना ठेवली ती रोज स्वयंपाकघरात, जेथून उठून जाता येत नाही.

पंचहौदाच्या प्रकरणात ज्या गोपाळरावांनी पुण्याला पेचात धरले, त्यांची पत्नी आनंदीबाई तोवर हे जग सोडून गेली होती. तिची आठवण येथे व्हावी, याचे कारण केवळ नात्याचे नाही. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाची अठरा वर्षे पुरी होण्यापूर्वी, ही मुलगी कलकत्त्याजवळ श्रीरामपूरच्या कॉलेजात देशी आणि युरोपियन श्रोत्यांपुढे उभी राहिली आणि आपण वैद्यक शिकण्यासाठी एकटी अमेरिकेस का जात आहो, हे इंग्रजीत सांगू लागली. त्या भाषणाची रचना मला फार महत्त्वाची वाटते. लोक आपल्यामागे जे जे विचारतात ते ते तिने स्वतःच उच्चारले: अमेरिकेलाच का, एकटीच का, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, वाटेत संकट ओढवले तर काय, जे आजवर कोणा बाईने केले नाही ते तूच का करावेस? आणि एकेक प्रश्न हाती घेऊन, रागावाचून, तिने त्याचे उत्तर दिले. बहिष्काराविषयी ती म्हणाली की मला त्याची मुळीच भीती वाटत नाही, मी तेथे येथल्यासारखीच हिंदू म्हणून राहीन. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न अंधारात फिरतो तोवरच तो अक्राळविक्राळ दिसतो. तिने त्याला दिव्याखाली आणून बसवले, त्याचे तुकडे केले, आणि तुकड्यांना उत्तरे सापडली. ११ मार्च १८८६ रोजी ती पेनसिल्व्हेनियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली, कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभागावर तिची नेमणूक ठरली, आणि क्षयाने जर्जर होऊन ती परतली तेव्हा ज्या पुण्याचे भय तिला दाखवण्यात आले होते त्या पुण्याने तिच्याकडे आदराने पाहिले. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी ती गेली. नेमलेल्या कामावर तिला रुजूही होता आले नाही, याचे दुःख हे लिहितानाही कमी होत नाही.

त्याच पुण्यातल्या समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांविषयी एकच गोष्ट सांगतो. त्यांच्या लेखनाने चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली होती. दम्याने शरीर पोखरलेले, पगार तुटपुंजा, घरात लहान मुले. अशा स्थितीत १८९५च्या जूनमध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या उशाखाली एक पुरचुंडी निघाली, आणि तिच्यात स्वतःच्या उत्तरक्रियेपुरते पैसे बाजूला काढून ठेवलेले होते, अशी आठवण सांगतात. खांदा द्यायला येणार नाही, हे समाजाच्या हातातले शेवटचे शस्त्र; त्या शस्त्राचा हिशेब या माणसाने आपल्या हयातीतच चुकता करून ठेवला होता. त्या पुरचुंडीत ममता आहे, व्यवहार आहे, आणि कोणावरही रोष नाही.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पंक्तीतून उठवले जाण्याचे भय हे पंक्तीत बसणाऱ्यांचे भय आहे. ज्यांना त्या पंक्तीच्या आसपासही कोणी कधी फिरकू दिले नव्हते, त्यांना लोक काय म्हणतील याची भीती नव्हती, लोक काय करतील याची होती. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांच्या मागोमाग जी माणसे गेली, ती तळ्याचे ओंजळभर पाणी प्याली. त्यानंतर त्यांच्यावर लाठ्या पडल्या आणि तळ्याची पंचगव्याच्या घागरींनी शुद्धी करण्यात आली. आपापल्या गावी परतल्यावर त्यांना जो बहिष्कार भोगावा लागे, त्यात न्हावी-परिटांचा प्रश्नच नव्हता. वाण्याने धान्य न देणे, मजुरीवरून काढणे, वाट बंद करणे असा तो बहिष्कार असे. आंबेडकरांनी गोलमेज परिषदेच्या वेळी असा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी मांडली. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा सध्याचा कायदा २०१६चा, आणि तो अमलात आला २०१७च्या जुलैत. दरम्यान १९४९ साली मुंबई राज्याने केलेला एक कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला होता. इतक्या उशिरा कायदा करावा लागतो याचा अर्थ जातपंचायतीचे दप्तर अजून बंद झालेले नाही.

आता ज्यांच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला त्या धोंडो केशव कर्व्यांकडे वळतो. आगरकर तेजस्वी होते, आनंदीबाई कुशाग्र होती. कर्वे मात्र स्वभावाने अतिशय भिडस्त. चारचौघांत बोलायचे तर जीभ अडखळावी, असा हा मनुष्य. दापोलीजवळच्या मुरुड गावचा हा मुलगा सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी शंभरावर मैल डोंगरवाट तुडवून साताऱ्यास पायी गेला, आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेस बसू दिले नाही. तरी तो मुकाट्याने परत आला आणि पुन्हा तयारीला लागला. पुढे तो मुंबईस शिकला, शिकवण्या केल्या, आणि १८९१ साली फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवू लागला. मिळवत्या मुरुडकरांनी आपल्या कमाईतला ठरावीक वाटा गावाच्या कामासाठी काढून ठेवावा, अशी कल्पना त्यांनी तरुणपणीच काढली होती, आणि त्यातून मुरुड फंड उभा राहिला होता. म्हणजे ज्या गावाचे काय म्हणणे पडेल याची त्यांना धास्ती असावी, ते गाव त्यांचे स्वतःचे, प्रेमाचे गाव होते.

प्रथम पत्नी वारल्यावर ११ मार्च १८९३ रोजी कर्व्यांनी गोदूबाईंशी पुण्यात विवाह केला. गोदूबाई लहानपणीच विधवा झालेल्या, पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर दोघे मुरुडास गेले, आणि गावाने सभा भरवून त्यांच्यावर बहिष्कार घातला. घरच्यांनी त्यांना आपल्यात घेतले तर तोच बहिष्कार घरच्यांवरही पडेल, असे ठरले. आई गावात, थोरला भाऊ गावात. ज्या प्रकाराने भला मनुष्य खचतो असे मी वर म्हटले, नेमका तोच प्रकार त्यांच्या वाट्याला आला. कर्व्यांनी भांडण केले नाही, गावाला नावे ठेवली नाहीत, घरच्यांना आपल्या बाजूने उभे राहा असा आग्रहही धरला नाही. ते पुण्यास परतले आणि त्याच वर्षाअखेरीस विधवाविवाहाच्या कामासाठी त्यांनी एक मंडळी स्थापन केली. १८९६ साली विधवांना शिकवण्यासाठी अनाथबालिकाश्रम निघाला. पुढे १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगण्याला, मिळालेल्या जागेवर बांधलेल्या एका झोपडीत गेला.

भीड भिकेची बहीण, अशी आपल्याकडे म्हण आहे. भिडस्त मनुष्य हक्काचे मागत नाही आणि शेवटी भिकेस लागतो, असा तिचा रोख. कर्व्यांच्या आयुष्यात ती वेगळ्या वाटेने खरी झाली. आश्रम चालवायचा तर वर्गणी पाहिजे. वर्गणी पाहिजे तर दारोदार गेले पाहिजे. आणि दारे कोणाची, तर ज्यांनी आपल्याला दोष दिला त्यांचीही. चार आणे, आठ आणे मागत हा गणिताचा प्राध्यापक गावोगाव फिरला. न्यायनिवाडा करायला बसलेल्या मनुष्यापुढे आरोपीने स्वतः होऊन रोज जावे, आणि प्रत्येक वेळी आपला खटला न मांडता कोणा तरी पोरक्या मुलीच्या वह्या-पुस्तकांचे बोलावे, असे हे झाले. ‘हे माझ्याविषयी काय समजत असतील?’ या प्रश्नाला मग जागा उरली नाही, कारण त्या वेळी मनात दुसरा प्रश्न असे: यांच्याकडून किती मिळेल, आणि त्यात किती मुलींचे जेवण होईल? भय काढून टाकल्याने गेले नाही. मन दुसऱ्या गोष्टीने भरले, तेव्हा भयाला बसायला जागा राहिली नाही. आशावाद आणि विधायक वृत्ती हे शब्द आपण पुष्कळ वापरतो. मला त्यांचा अर्थ कर्व्यांच्या वर्गणीच्या वहीत सापडतो.

गोदूबाईंची बहीण पार्वतीबाई आठवले याही त्या कामात आल्या. वीस वर्षांच्या वयात विधवा, केशवपन झालेल्या, अक्षरओळख मोठेपणी झालेली. आश्रमासाठी त्यांनी प्रांतोप्रांती फिरून निधी जमवला, व्याख्याने दिली. पुढे त्यांनी केस वाढवण्याचा निर्णय घेतला, आणि ही गोष्ट व्याख्यानापेक्षा अवघड होती असे मला वाटते. व्याख्यान तासाभरात संपते, वाढणारे केस महिनोन्‌महिने प्रत्येक भेटणाऱ्याच्या नजरेला पडत राहतात आणि दर दिवशी पुन्हा एकदा तोच निर्णय घ्यावा लागतो. त्यांनी तो घेतला, आणि नंतर अमेरिकेपर्यंत प्रवास केला.

१९१६ साली कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. १९५८ साली, वयाची शंभर वर्षे पुरी झाली तेव्हा त्यांना भारतरत्न मिळाले. हे सारे पाठ्यपुस्तकांत आहे. माझ्या डोळ्यांपुढे मात्र १९०० सालानंतरची ती वर्षे येतात. दुपारी फर्ग्युसन कॉलेजात तास संपतात. बीजगणिताचा खडू हातावरून झटकून हा माणूस बाहेर पडतो, आश्रमासाठी लागणारे सामान गोळा करतो, आणि पुण्याबाहेरच्या वाटेने पायी निघतो. पावसाळ्यात ती वाट चिखलाची असते, कडेने शेते असतात, आणि वाटेत ओळखीचे भेटतात. काही जण नमस्कार करतात, काही जण तोंड फिरवतात. तो दोन्ही प्रकारच्या लोकांना सारखाच नमस्कार करतो आणि पावले उचलतो, कारण तिकडे झोपडीत दिवा लावून मुली पाट्या घेऊन बसलेल्या असतात, आणि अंधार पडायच्या आत पोहोचायचे असते.